भवानी पेठेतलं शिशाचं दुकान: चार तारे, आणि पाचवा का कापला

दुकानाला पाटी नाही. भवानी पेठेत टिंबर मार्केटच्या अलीकडे एक गल्ली आत वळते, तिथे दोन्ही बाजूंना भंगारवाले. त्यातलं ज्याच्या दारात जमिनीवरचा मोठा वजनकाटा आणि काट्यावर झोपलेलं मांजर दिसेल, ते. मालकांना सगळे चाचा म्हणतात, आता मीही म्हणते. त्यांच्याकडून मी सहा महिन्यांत शिशाच्या दहा विटा ओतून घेतल्या. एकूण ११३ किलो. भाव किलोला २१० रुपये आणि ओतणावळ विटेमागे १५० वेगळी. एवढे पैसे मी माझ्या कानातल्या कुड्यांवरही कधी घातले नाहीत, त्यामुळे दोन शब्द लिहायचा हक्क मला आहे असं मी धरून चालते.

आधी मी कोण ते सांगते. एका ज्युनियर कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये ३१ वर्षं असिस्टंट होते. मुलांनी फोडलेल्या काचेच्या नळ्या मोजणं आणि व्हर्नियर कॅलिपर खिशातून परत काढून घेणं, हे माझं शास्त्रातलं योगदान. निवृत्त झाले तेव्हा भाच्याने काडेपेटीहून थोडं मोठं एक यंत्र भेट दिलं. आत एक घन सेंटिमीटरचा सीझियम आयोडाइडचा स्फटिक असतो. फुटणाऱ्या अणूतून निघालेला गॅमा किरण, क्ष-किरणाचाच जोरकस भाऊ, त्यात शिरला की बारीकशी चमक उठते, यंत्र ती मोजतं, आणि किरणाची ऊर्जा किती होती तेही सांगतं. मोबाइलवर आलेख दिसतो. भाच्याला वाटलं मावशी आठवडाभर खेळेल.

पहिल्याच दिवशी घरभर फिरवलं. जेवायच्या टेबलावर मिनिटाला ३०० चमका. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर ५२०. आमचं घर कसब्यातल्या जुन्या वाड्याचा मागचा भाग आहे, त्याला तळघर आहे, भिंती सगळ्या घडीव काळ्या दगडाच्या. तिथे २१०. ओटा आला दक्षिणेकडून, ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम, पोटॅशियम जास्त असतं, म्हणजे फुटणारे अणू जास्त. आपला सह्याद्रीचा बेसॉल्ट त्या मानाने फारच सोज्वळ. पुण्याच्या काळ्या दगडाचं कौतुक पुष्कळांनी केलं असेल, पण तो गप्प बसतो म्हणून कौतुक करणारी मीच पहिली असेन.

तर मिनिटाला २१०. आणि मला हवं होतं जवळजवळ शून्य.

कशाला, ते सांगितल्याशिवाय दुकानाची किंमत कळणार नाही. काही अणू इतके सावकाश फुटतात की ते फुटतात हेच माणसाला कळायला शतक गेलं. तसलं सावकाश फुटणं मला घरी बघायचं होतं. पोटदुखीच्या गुलाबी औषधात असतं ते बिस्मथ घ्या. जगातलं सगळ्यात जड टिकाऊ मूलद्रव्य म्हणून आम्ही ते शिकलो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या लोकांनी शून्याखालच्या परमावधीच्या थंडीत स्फटिक ठेवून दाखवलं की तेही फुटतं. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू फुटायला लागणारा काळ, दोनावर १९ शून्यं इतकी वर्षं, म्हणजे विश्वाच्या वयाच्या सुमारे दीडशे कोटी पट. एक किलो बिस्मथ घेऊन बसलात तर वर्षाला लाखभर अणू फुटतील, दिवसाला पावणेतीनशेच्या आसपास. आता माझ्या टेबलावरचा आकडा आठवा. इवल्याशा स्फटिकात एका मिनिटाला ३०० चमका, आणि किलोभर बिस्मथची दिवसाची कमाई तेवढीही नाही. मंडईत गणपतीच्या मिरवणुकीत उभं राहून पैंजणाचा आवाज ऐकायचा, तशातला प्रकार.

म्हणून जगातले हे प्रयोग डोंगराच्या पोटात आणि खाणीत चालतात, आकाशातून येणारे कण वरचा खडक अडवतो. इटलीत ग्रान सासो डोंगराखाली १४०० मीटर खडकाच्या आत प्रयोगशाळा आहे. तिथे टनावारी द्रवरूप झेनॉन भरलेल्या एका यंत्रात झेनॉन-१२४ या जातीच्या अणूचं फुटणं सापडलं, २०१९ साली जाहीर झालं. अर्धायुष्य १.८ आणि पुढे २२ शून्यांच्या हिशेबातलं, घटना मोजून सव्वाशे. आपल्याकडे तर हे काम फार आधीपासून होतं. कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सव्वादोन किलोमीटर खाली, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या लोकांनी ओसाका आणि डरहॅमच्या लोकांबरोबर यंत्रं लावली आणि १९६५ मध्ये वातावरणात तयार झालेल्या न्यूट्रिनोची, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणाची, चाहूल पकडली. पुढे प्रोटॉन फुटतो का तेही त्यांनी त्याच खाणीत शोधलं. आमच्या विभागप्रमुख बाई हे दर वर्षी पहिल्या तासाला सांगायच्या. मी मागे उभी राहून स्टॉपवॉच पुसत ऐकायची. ३१ वेळा ऐकलं. कुणाच्याही डोक्यात किडा शिरेल.

माझ्याकडे खाण नाही. तळघर आहे, आठ फूट खाली. वैश्विक किरणांमुळे हवेत तयार होऊन वरून येणारे म्युऑन नावाचे कण त्याने अडत नाहीत, तळहातावर मिनिटाला शंभरेक पडतातच, वर अख्खा वाडा असला तरी. पण बाजूच्या दगडामातीतून येणारे गॅमा अडवता येतात, आणि त्याला घरगुती उपाय एकच, शिसं. प्रयोगशाळेतले लोक शिशाच्या विटांच्या या पेटीला जगभर किल्लाच म्हणतात. मला ते कळलं तेव्हा इतका आनंद झाला. म्हणजे पुण्यातल्या पोरासोरांना दिवाळीत येणारं कामच की. फक्त मावळे आणि आळीव नाहीत.

पहिली चूक मी ऑनलाइन केली. एका विक्रेत्याकडून दोन विटा मागवल्या, नाव घेत नाही, '९९.९९ टक्के शुद्ध', सोबत चकचकीत प्रमाणपत्र. आठ दिवसांनी एक खोका आला, खालून फाटलेला. कुरिअरवाल्याने तो उंबऱ्यावर आपटला तेव्हा शहाबादी फरशी तडकली. ती फरशी अजून तशीच आहे, विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. पण खरी गोम प्रमाणपत्रात होती. शुद्धता म्हणजे त्यात तांबं, अँटिमनी, चांदी किती नाही ते. माझा प्रश्न वेगळा होता. हे शिसं किती वर्षांचं?

शिशाच्या धातुकात युरेनियमचा अंश असतो. भट्टीत युरेनियम आणि रेडियम मळीबरोबर निघून जातात, पण युरेनियम फुटत जाऊन जी साखळी तयार होते तिच्यातलं एक पोर मागे राहतं, शिसं-२१०. ते स्वतःच शिसं असल्याने कुठल्याही रसायनाने वेगळं निघत नाही. त्याचं अर्धायुष्य २२ वर्षं. म्हणजे ताजं शिसं स्वतःच कुजबुजतं, आणि ती कुजबुज थांबवायला वाट बघण्यापलीकडे उपाय नाही. ११० वर्षांत बत्तिसावा हिस्सा उरतो, २२० वर्षांत हजारावा. पुन्हा वितळवलं म्हणून वय कमी होत नाही, हे एक बरं. ग्रान सासोच्या लोकांनी तर सार्डिनियाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षांचं शिसं मिळवलं, २०१० साली १२० लाद्या. लाद्यांवर कोरलेली रोमन अक्षरं कापून जपून ठेवली आणि बाकीचं क्युओरे नावाच्या प्रयोगाच्या आवरणासाठी घेतलं. मला रोमन जहाज परवडणारं नव्हतं. म्हणून भवानी पेठ.

जुन्या बाजारात बुधवारी चौकशी केली तर तिथल्या एकाने चाचांचं नाव सांगितलं. गेले. चाचा खुर्चीवर बसून बॅटरीच्या प्लेटा वेगळ्या करणाऱ्या कारागिराला ओरडत होते.

"शंभर किलो? मॅडम, एवढं शिसं कशाला? मासे पकडायची जाळी आहे का?"

मी सांगितलं. दगडातून, विटेतून, जमिनीतून किरण येतात, मला एक रिकामी पेटी हवी जिच्यात ते येणार नाहीत. ऐकून घेतलं, मांजराला काट्यावरून उचललं आणि म्हणाले, "समजलं. एक्स-रेवाले घेऊन जातात तसंच. फक्त त्यांना आतलं बाहेर जाऊ द्यायचं नसतं, तुम्हाला बाहेरचं आत." ३१ वर्षांत एकाही बारावीच्या मुलाने मला शिल्डिंगची इतकी सरळ व्याख्या दिलेली नाही. पहिला तारा इथे.

मग मी वयाचं विचारलं. मला वाटलं होतं हसतील. ते उठून आत गेले आणि तीन ढीग दाखवले. पहिला बॅटरीचा. "हा नको तुम्हाला, यात सगळं मिसळलेलं असतं, दर दोन वर्षांनी पुन्हा भट्टीत." दुसरा छापखान्याचे खिळे, अजून घाणेरड्या शाईने काळे, उलटी अक्षरं. पुण्यातले जुळणीचे छापखाने बंद पडत गेले तसे हे खिळे पोत्यांनी आले, म्हणाले. एक 'ळ' उचलून बघितला, मोह झाला. पण खिळ्यांत अँटिमनी आणि कथील असतं, आणि छापखान्यात ते पुन्हा पुन्हा वितळवून वर नवं टाकायचे, म्हणजे वयाचा पत्ता नाही. तो 'ळ' मात्र चाचांनी तसाच दिला, पैसे घेतले नाहीत. माझ्या देवघरात आहे.

तिसरा ढीग पाण्याच्या नळांचा. कॅम्पातल्या पाडलेल्या एका बंगल्यातून आलेले जाड शिशाचे पाईप, वेटोळे झालेले, वर पांढरट बुरा. "वय कसं ओळखता?" मी विचारलं. चाचा म्हणाले, "मॅडम, आता पाईप पीव्हीसीचा. त्याच्या आधी जीआयचा. शिशाचा पाईप कुणी टाकलेला तुमच्या लहानपणी तरी पाहिला का?" नाही पाहिला. कागदपत्र नाही, शिक्का नाही, पण हा पुरावा मला प्रमाणपत्रापेक्षा खरा वाटला. मग त्यांनी हातोडीने एकेक ठोकून दाखवलं. बॅटरीचं शिसं टण्ण वाजतं, कारण अँटिमनीने कडक झालेलं असतं. नळाचं शिसं ढब् करतं, ओल्या गादीवर मारल्यासारखं, आणि नखाने ओरखडा निघतो. मला हवा होता तो हा ढब्.

विटा २० बाय १० बाय ५ सेंटिमीटरच्या. किल्ल्याचा हिशेब मी वहीत मांडून नेला होता. तळाला दोन, छपराला दोन, समोरासमोरच्या दोन भिंतींना दोन-दोन आडव्या, आणि उरलेल्या दोन भिंतींना एकेक उभी. आत १० बाय १० बाय २० ची खोली. दहा विटांत काम. चाचांनी वही बघितली आणि साचा करणाऱ्याला थेट तीच दाखवली.

शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, म्हणजे वीट ११.३ किलो भरायला हवी. मी घरचा काटा पिशवीत घालून नेला होता. नऊ विटा ११.१ ते ११.४ मध्ये बसल्या. एक भरली १०.४. चाचांच्या काट्यावरही तेवढीच. आत पोकळी, नाहीतर मळी अडकलेली. मी काही बोलायच्या आत त्यांनी ती भट्टीकडे सरकवली आणि पुढच्या मंगळवारी नवी दिली, ओतणावळ पुन्हा लावली नाही. दुसरा आणि तिसरा तारा.

विटांना साच्यामुळे थोडा उतार येतो, नाहीतर त्या साच्यातून सुटणार नाहीत. खालून वर दीड-दोन मिलिमीटरचा फरक. रचल्यावर फटी पडतात, आणि गॅमा किरणांना फट म्हणजे उघडं दार. मी पहिल्या रात्री मोजलं तर मिनिटाला ४६. मग उरलेल्या पाईपचा एक तुकडा पोळीसारखा लाटून, खरंच जुन्या लाटण्याने, पट्ट्या कापून फटीत ठासल्या. ४६ चे ३१ झाले. ते लाटणं आता स्वयंपाकघरात येणार नाही. शिसं विषारी आहे, हे विसरू नका. हातमोजे, काम झाल्यावर साबणाने हात, आणि विटांना वरून ऑइल पेंट. दुकानात चहा देतात, तो हात धुतल्याशिवाय घेऊ नका.

शिशाचा आणखी एक खोडसाळपणा असतो. बाहेरचा किरण अडवताना ते स्वतः क्ष-किरण सोडतं, ७५ आणि ८५ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे. आलेखात तिथे दोन टेकड्यांचा एक बोजड उंचवटा दिसायला लागला. उपाय म्हणजे आतून तांब्याचं अस्तर. त्यासाठी मला लांब जावं लागलं नाही, तांबट आळी आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्याची पेटी सांगितली, पावणेदोन किलो भरली. ठोक्यांच्या आवाजात तांबटदादांनी विचारलं, "काकू, आतून कल्हई करू ना?"

मी म्हटलं, "करा, पण बाहेरून."

त्यांनी ठोकणं थांबवलं. शेजारच्याला हाक मारून सांगितलं, की या काकूंना बाहेरून कल्हई हवीये. खरं सांगायचं तर मोठ्या प्रयोगशाळांत हाच क्रम असतो. बाहेर शिसं, मग कथील, मग तांबं, प्रत्येक थर आधीच्याची खोडी गिळतो. कल्हईचा थर फार पातळ, त्याने काही फरक पडणार नाही हे मला माहीत होतं. पण क्रम पाळला. आणि कथलाचं आणखी एक आहे. कथलाच्या दर १०० अणूंत पाच-सहा अणू कथील-१२४ चे असतात, आणि त्यातला एखादा न्यूट्रिनो न सोडता एकदम दोन इलेक्ट्रॉन टाकून फुटतो का, हे शोधायचा बेत आपल्याच देशात आखला गेला, टिन-टिन नावाने. त्यासाठी ज्या डोंगराखाली प्रयोगशाळा व्हायची, तामिळनाडूत थेणीजवळ, ती अजून उभी राहिलेली नाही. तोपर्यंत पुण्यातल्या प्रत्येक कल्हईच्या पातेल्यात ते अणू आमटी उकळताना निवांत पडून आहेत.

तांबंही उघड्यावर राहिलं की वैश्विक किरणांनी त्यात कोबाल्ट-६० तयार होत राहतं. अमेरिकेतल्या साउथ डकोटात सॅनफर्डच्या जुन्या सोन्याच्या खाणीत, जवळजवळ दीड किलोमीटर खाली, लोकांनी तांबं खालीच विद्युत्-विलेपनाने थरथर वाढवलं, महिनोन्‌महिने. तांबट आळी जमिनीखाली नेण्यासारखंच हे.

पेटी बसवल्यावर मिनिटाला २८.

या २८ वर मी एक महिना घालवला आहे. ऑनलाइनच्या त्या दोन ताज्या विटा आत घालून, चाचांच्या दोन बाहेर काढून, दहा-दहा तास मोजलं. खरं लिहायला हवं: फरक दिसला नाही. मोजणीच्या चुकीच्या आतच आकडा राहिला. माझा स्फटिक एवढासा आहे की त्याला ताज्या शिशाची कुजबुज ऐकू येत नाही, २८ मधलं बरंचसं फटीतून आणि शिशातूनही पार होऊन येणारं उरलंसुरलं, शिवाय थोडे म्युऑन आणि त्यांच्या शिशातल्या ठिणग्या. म्हणजे माझ्या कामापुरतं बॅटरीचं शिसंही चाललं असतं. चाचांना हे सांगितलं. ते म्हणाले, "मग परत घेऊ का?" मी नाही म्हटलं. भाव सारखाच होता, आणि शंभर वर्षं गप्प बसायला शिकलेली वस्तू परत द्यायची कशी?

किल्ल्याने काय मिळालं ते एका पुडीत सांगते. झाडांना घालायचं पोटॅश, १०० ग्रॅम. त्यात साधारण निम्मं पोटॅशियम, आणि एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला ३१ अणू फुटतात, त्यातला दर दहावा १४६१ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टचा गॅमा देतो. टेबलावर ठेवलं तर हा सुळका दिसतो, पण तो पुडीचा की भिंतीचा ते सांगता येत नाही, कारण भिंतीतही पोटॅशियम आहे. किल्ला रिकामा असताना १४६१ ला जवळजवळ काहीच नाही, सपाट माळ. रात्री दहाला पुडी ठेवली, खाली जिना उतरून सकाळी सहाला बघितलं, तर माळावर एकच सुळका, तैलबैलाच्या भिंतीसारखा. चहा गार झाला तरी मी स्टुलावरच. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य सव्वाशे कोटी वर्षं. मी पाहिलेली ही सगळ्यात सावकाश गोष्ट, महापालिकेचा अर्ज धरून.

मधे एकदा मेट्रोचाही मोह झाला. जिल्हा न्यायालय स्थानक, आपलं सिव्हिल कोर्ट, ३३ मीटर खोल आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्थानकांपैकी एक, आणि कसबा पेठेतून एकच स्टेशन. यंत्र पर्समध्ये. नोंदवही नंतर बघितली तर सामानाच्या एक्स-रे मशिनमधून पर्स गेली त्या क्षणी आकडा आभाळाला टेकलेला. फलाटावर वीस मिनिटं बाकावर बसले. टेबलापेक्षा कमी नाही, उलट थोडा जास्तच. वर खडक आहे, पण चारी बाजूंना काँक्रीट आणि पायाखाली फरशी आहे, ती बोलतात. खोल गेलं की आकाश गप्प होतं, भिंती होत नाहीत. झारखंडमध्ये जादूगुडा इथे ५५५ मीटर खाली आपल्या लोकांनी प्रयोगशाळा केली आहे, तीही युरेनियमच्या खाणीत. त्यांना शिशाचं काय अप्रूप असेल ते मला बाकावर बसून कळलं. एक म्युऑन कमी झाला की नाही, हे वीस मिनिटांत माझ्या यंत्राला सांगता येणं शक्यच नव्हतं. सुरक्षारक्षक बाईने विचारलं, "काकू, गाडी सोडताय सारख्या, बरं वाटत नाही का?" तेव्हा उठले.

पावसाळ्यात वेगळीच गंमत. जुलैत पहिली मोठी सर आली आणि गच्चीच्या दारातला आकडा दीडपट झाला. हवेतल्या रेडॉन वायूची पिल्लं, म्हणजे तो फुटून तयार झालेले अणू, पावसाबरोबर खाली येतात, त्यांची अर्धायुष्यं वीस-पंचवीस मिनिटांची, दोनेक तासांत सगळं पूर्ववत. तळघरात किल्ल्याच्या आत तो पाऊस पडलाच नाही. २८ ते २८.

आणि मग टॅन्टलम, हा एक धातू. तापकीर गल्लीतून टॅन्टलमचे कपॅसिटर घेतले, मूठभर, पिवळे, डाळीच्या दाण्याएवढे. टॅन्टलममध्ये दहा हजारांत एखादा अणू असा असतो की नियमाने तो केव्हाच फुटायला हवा होता, पण त्याला फुटताना आजवर कुणी पाहिलेलं नाही. सॅनफर्डच्या खाणीत जर्मेनियमच्या यंत्रांजवळ सुमारे १७ किलो टॅन्टलम ठेवून शोधलं, २०२३ साली निकाल आला: दिसला नाही. मी माझी मूठ किल्ल्यात ११ दिवस ठेवली. दिसला नाही. जगातल्या उत्तम प्रयोगशाळेचा आणि कसब्यातल्या तळघराचा निकाल तंतोतंत जुळला. फरक एवढाच, की त्यांच्या 'नाही'ला १ वर १८-१९ शून्यं इतक्या वर्षांची हमी आहे आणि माझ्या 'नाही'ला भाच्याने हसून लाइक दिलंय. पण चाचांच्या दुकानात मी विकत काय घेतलं, ते मला या ११ दिवसांत उमगलं. मी 'नाही' विकत घेतलं, किलोवर. ते चोख निघालं, चौथा तारा त्याचा.

पाचवा का कापला तेही सांगते. भट्टी मागच्या अंगणात, वर पत्रा, वारा कोंडलेला. ओतणारा कारागीर तोंडाला काही न बांधता, उघड्या हाताने मळी काढत होता. शिशाची वाफ आणि धूळ रक्तात जाते, हळूहळू जाते, कळत नाही. मी बोलले. चाचा म्हणाले, "सांगतो मॅडम, हे लोक ऐकत नाहीत." पुढच्या खेपेला मीच बोहरी आळीतून दोन चांगले मास्क आणि जाड हातमोजे नेले. त्याच्या पुढच्या खेपेला मास्क खुंटीला लटकलेला होता, प्लास्टिकच्या पिशवीसकट. तो घातलेला दिसेल तेव्हा हा मजकूर बदलेन.

पक्कं बिल मागितलं तर देतात, पण मागावं लागतं. टेम्पो ते ठरवून देतात, कसब्यापर्यंत ६०० रुपये, विटा तळघरात उतरवायचे हमालाचे वेगळे. एका खेपेला तीन विटांपेक्षा जास्त उतरवू देऊ नका, आमच्या जिन्याची दुसरी पायरी आता हलते. ऑइल पेंट नीट वाळू द्या, चार दिवस वास येतो आणि मोजणीला त्याचा काही त्रास नाही. शुक्रवारी दुपारी दुकान बंद. काटा स्वतःचा न्यायचा असेल तर बिनधास्त न्या, चाचा रागवत नाहीत, फक्त मांजर आधी उठवावं लागतं.